भोंगानी सडक

देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करणारे एक नाना होते. बोलता बोलता समोरच्याच्या सायकलचं टायर अंगठ्याने दाबून बघायची त्यांना खोड. मोटारी धावतात त्या रस्त्याला ते ‘भोंगानी सडक’ म्हणत, आणि तिच्यावर सायकल घालत नसत. एकदा दुकान बंद ठेवून, गाडवाटांनी सायकल हाणत ते गुजरातेत समुद्र बघायला गेले. दहाव्या दिवशी परतले.

“पाहिला का समुद्र, नाना?”

“नही भो. शेवटला मैलभर भोंगानी सडक व्हती. समुद्रना वास उना, तठूनच मांगे फिरनू.”

मला हसू आलं. मुंबईला मी समुद्र कितीदा पाहिलाय, म्हणालो.

“मंग सांग, कसा शे तेना वास?”

त्यांचा अंगठा माझ्या टायरवर होता. मला काही केल्या आठवेना.