अर्धा तास एकटं बसायचं

मानसशास्त्राच्या एम.ए.ला मी प्रकल्पासाठी एकटेपणा हा विषय घेतला. शिरूरहून दौंडला रोज एसटीनं, बहुतेक वेळा उभ्यानं यायचे, त्यामुळे एकटेपणा मला फार लांबचा आणि म्हणूनच शास्त्रीय वाटला. काम सोपं होतं. कॉलेजातल्या एका विद्यार्थ्यानं रिकाम्या खोलीत अर्धा तास एकटं बसायचं. मोबाईल बाहेर, पुस्तक नाही. बाहेर आल्यावर मनात काय काय आलं ते मला सांगायचं. असे विद्यार्थी मिळवणं तेवढं माझ्याकडं होतं.

मी वर्गावर्गात जाऊन आवाहन केलं. बी.कॉम.वाल्यांनी सर्टिफिकेट मिळणार का विचारलं. मिळणार म्हटल्यावर, न बसता मिळेल का, हेही विचारलं. मुली तयार झाल्या, पण त्या एका गावच्या, एका एसटीच्या, त्यामुळे येणार तर सगळ्या मिळून. एकीला आत बसवलं की बाकीच्या खिडकीशी उभ्या राहून तिला धीर द्यायच्या. तिला एकटीला बसू द्या, असं मी सांगितलं, तर त्यातली एक म्हणाली, "तीच बसलीय की ताई. आम्ही निसत्या उभ्या हाय."

खिडकी मोकळी केली तर आमच्या विभागाचे शिपाईमामा चहाचा कप घेऊन आत. वर समोर बसून त्या मुलीच्या घरचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो याची चौकशी. मी रागावले, तर शांतपणे म्हणाले, "घरी आलेल्या माणसाला एकटं बसवून आपण दार लावतो व्हय?" लावत नाही, हे मलाही माहीत होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणत मी परतीची एसटी धरली.

मग ती आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, राहू गावची, लग्न झालेली. सोबत कुणी नाही. तिनं एकच विचारलं, "मधी कुणी हाक मारनार न्हाई ना?" मी नाही म्हटलं. अर्ध्या तासानं दार उघडलं तर ती समोरच्या भिंतीकडं बघत बसली होती. मनात काय आलं, असं विचारल्यावर म्हणाली, "काय बी न्हाई आलं. लय बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "आज हाय का?"

एका माणसाला एकदाच बसवायचं, असा नियम होता. मी तो सांगितला. तिनं मान हलवली आणि जाता जाता म्हणाली, "घरी न्हाणीत गेलं तरी कुणीतरी हाक मारतंच." मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून तिचा थोडा रागही आला. तरी मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तिची माहिती प्रकल्पात धरू नकोस, पण खोली मोकळी असेल तेव्हा बसू दे, खोली काय झिजत नाही. तेव्हापासून ती तास सुटले की रोज बसायला लागली आणि रोज नेहमीची एसटी सोडून मागच्या एसटीनं घरी जायला लागली.

सून रोज उशिरा येते म्हटल्यावर गाव गप्प बसत नाही. एक दिवस तिच्या सासूबाईच कॉलेजात आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, मागं रडून घेतलेली सून.

"हिला कोंडून काय करता तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. "खरं सांगा. न्हाईतर उद्यापासनं कॉलेज बंद."

मी प्रकल्प समजावून सांगितला. सांगता सांगता तो मलाच खोटा वाटायला लागला.

"म्हंजी ही आत काय करती?"

"बसते."

"आन्?"

"आणि काही नाही."

"बसायला दौंडला येती?"

"व्हय, आत्याबाई," सून खाली बघत म्हणाली.

हे त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. आत कोण आहे ते बघायला त्या स्वतः खोलीत शिरल्या. दारामागं बघितलं, खिडकीतून बाहेर बघितलं. एक खुर्ची आणि एक पंखा, याखेरीज काही सापडेना. मग त्या खुर्चीवर बसल्या. "लावा दार," म्हणाल्या. "बघतेच आता."

आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो. पाच मिनिटांत त्या बाहेर येणार आणि हिचं कॉलेज संपणार, याची मला खात्री होती. तिला तर होतीच. येतानाच पुस्तकं ग्रंथालयात परत करून टाकली, असं तिनं सांगितलं. ते ऐकून मला रडू यायला लागलं, पण तीच रडत नव्हती म्हणून मी आवरलं.

अर्धा तास झाला. मी दाराकडं हात नेला, तो तिनं धरला.

"असू द्या ताई," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं त्यांना अशा बसल्यालं मी बघितलंच न्हाई."

राहूची एसटी गेली. मागचीही गेली. मग केव्हातरी दार आतून उघडलं. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि सुनेकडं न बघता मला विचारलं, "हिचं कॉलेज कवा संपतं?"

"यंदाचं सोडून अजून एक वर्ष," मी म्हटलं.

"एकच व्हय?" त्या म्हणाल्या. "मग म्होरलं बी काय आसंल, त्याला हिचं नाव घाला."