इंजिन धुवायला आलेली माणसं

गॅरेजवाल्याला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. बॉनेट उघडलं की किस्सा समोर! पंक्चर काढायला आलेला माणूस काही सांगत नाही, काढून घेतो आणि जातो. पण इंजिन धुवायला आलेला प्रत्येक जण आधी घरी काहीतरी उद्योग करून आलेला असतो. काय केलं ते तो सांगत नाही. आम्हाला वासावरून ओळखावं लागतं.

आमचं गॅरेज जासईला, कंटेनर यार्डांच्या रस्त्याला लागून. दिवसभर समोरून ट्रेलर जातात, त्यामुळे इथल्या गाड्यांच्या इंजिनावर तेल आणि धूळ मिळून असा थर बसतो की मेथी पेरली तर उगवेल. गॅरेजात आम्ही दोघं पार्टनर. मी वाघमारे, आणि दुसरा हिरामण घरत, इथला भूमिपुत्र. मी गिऱ्हाइकाशी बोलतो, हिरामण इंजिनाशी. कधी उलट झालं की भांडणं होतात.

*

हिरामणचे चुलते नाथाकाका उरणचे. पूर्वी स्वतःची मासेमारीची बोट होती. आता जीप आहे. एकदा जीप घेऊन आले ती लांबूनच ओळखू आली. रॉकेलचा वास!

हिरामण चिडला. "काका, रॉकेल न्हाय वापराचा. रबर फुगतं, पाइप खराब होतान. आनि इंजिन गरम असला तं पेट घेल!"

काकांनी त्याच्याकडे, कालचं पोरगं शिकवतंय मला, अशा नजरेनं पाहिलं. "मी बोटीचा इंजिन तीस वर्सं रॉकेलनं धुतला. काय झाला?"

हिरामण परत बॉनेटमध्ये वाकला.

मी आपलं विषय बदलायला विचारलं, "काका, बोट आहे अजून?"

"नाय. इकली."

"का हो?"

"जलली म्हनून!"

*

उलव्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. रिटायर्ड, टापटीप, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी इंजिनावर संडास साफ करायचं लिक्विड ओतलं, वर ब्रशने घासलं आणि अर्धा तास तसंच ठेवलं. बाटलीवर तसंच लिहिलंय म्हणे!

बॉनेट उघडलं तर अॅल्युमिनियमचे सगळे पार्ट पांढरेफटक, चुना लावल्यासारखे.

मी म्हटलं, "साहेब, हे अॅसिड आहे. धातू खातं हे."

"पण जंतू मरतात."

"साहेब, इंजिनाला जंतू होत नाहीत!"

साहेब विचारात पडले. मग खिशातलं एक पेन काढून म्हणाले, "हे मला लेखी द्याल का?"

*

कस्टम एजंटच्या ऑफिसातल्या टिपणीस मॅडम मात्र अभ्यास करून आल्या होत्या. त्यांचा पहिलाच प्रश्न, "तुमच्या क्लीनरचा पीएच किती आहे?"

मी त्या दिवशी पनवेलला पार्ट आणायला गेलो होतो. समोर हिरामण. त्याने मला फोन लावला. मी थोडक्यात सांगितलं की लिंबू आंबट ते खालच्या बाजूला, धुण्याचा सोडा वरच्या बाजूला, आणि आपल्या गाडीला मधलं पाहिजे. आंबट नको, खारं नको. सात.

"सात," हिरामण मॅडमना म्हणाला. मॅडम खूश. "अगदी करेक्ट! तुमच्याकडे माहितीची माणसं आहेत!"

हिरामणला आयुष्यात पहिल्यांदा कोणी बाई करेक्ट म्हणाली होती. त्या दिवसापासून इंजिन वॉशबद्दल कोणी काही विचारलं की याचं उत्तर तयार. "काय वापरता?" "सात." "रबराला चालेल ना?" "सात हाय, टेन्शन नको." गिऱ्हाइकं मान डोलवायची. कोणाला काही कळत नव्हतं, पण आकडा ऐकला की माणसाला बरं वाटतं.

मग एक दिवस एक भाऊ चिडून आले. आदल्या संध्याकाळी येऊन बंद शटर बघून परत गेले होते.

"अहो, आम्ही सहाला बंद करतो," मी म्हटलं.

"मग गाडी कधी मिळेल विचारलं तर हा सात का म्हणाला?"

*

उलव्यातलेच एक इस्टेट एजंट. फ्लॅट दाखवायला पार्टीला गाडीतून नेतात, त्यामुळे सगळं चकचकीत पाहिजे. "पार्टी बॉनेटसुद्धा उघडून बघते?" मी विचारलं. "बघत नाही, पण आपला कॉन्फिडन्स वाढतो ना!"

त्यांना आमचं साधं पाण्यातलं क्लीनर पसंत पडलं नाही. त्यात शाइन येत नाही. म्हणून त्यांनी घरी जाऊन सगळ्या रबरी पाइपांना आणि वायरींना खोबरेल तेल चोळलं. चार दिवस गाडी अशी चमकली की हिरामणही वळून बघायचा.

पाचव्या दिवशी गाडी टो करून आली. वायरिंग कुरतडलेलं, इन्सुलेशनचा भुगा. उंदीर!

एजंट वॉचमनवर भडकले होते. "पार्किंगमध्ये साठ गाड्या. उंदरांना माझीच कशी दिसली?"

वॉचमन शांतपणे म्हणाला होता, "साहेब, बाकीच्या गाड्यांना कुठे फोडणी दिलीय?"

*

दुसऱ्यांवर हसतोय, तर एक माझंही सांगतो.

गॅरेज नवीन होतं. हिरामण त्या दिवशी गावच्या जत्रेला गेलेला. टुरिस्ट गाडी चालवणारे गायकवाड आले, आमच्या वडिलांच्याच मुलखातले, परभणीकडचे. त्यांच्या मुलीची, प्रज्ञाची, दुसऱ्या दिवशी बेलापूरला नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. "वाघमारे, पोरगी माझ्या गाडीतून परीक्षेला जाणार. आतून-बाहेरून नवी करून दे!"

मी जोशात प्रेशरची गन घेतली आणि इंजिनावर धरली. फ्यूज बॉक्सला प्लास्टिकची पिशवी नाही, काही झाकलं नाही, नुसता फवारा! इंजिन आरशासारखं झालं. गायकवाड हात जोडून गेले.

सकाळी साडेसातला फोन. "गाडी चालू होत नाही."

धावत गेलो. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. प्लगच्या खड्ड्यात पाणी भरलेलं, कॉइल भिजलेल्या. सुकवायला तासभर तरी लागणार, आणि नऊला गेट बंद. गावात लग्न, सगळ्या रिक्षा वऱ्हाडात. गायकवाड भिंतीला टेकून उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रज्ञा हॉल तिकीट छातीशी धरून एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

शेजारच्या यार्डात गाड्या उचलायची टोइंग व्हॅन उभी होती. मालक ओळखीचा. चावी घेतली, प्रज्ञाला आणि गायकवाडांना पुढे बसवलं आणि सुटलो.

बेलापूरला सेंटरसमोर ही गर्दी! दोन्ही बाजूंनी पालकांच्या गाड्या, चालायला जागा नाही. नऊला सात मिनिटं कमी. मी वरचा पिवळा दिवा लावला आणि हॉर्न दाबला.

एका बाईंनी मागे वळून बघितलं आणि ओरडल्या, "अहो, गाडी काढा! उचलायला आले!"

दोन मिनिटांत अख्खा रस्ता रिकामा! एकेका बापाने असा रिव्हर्स मारला की मी बघत राहिलो. आम्ही थेट गेटला लागलो. प्रज्ञा उतरली, आत पळाली, मग परत दोन पावलं मागे येऊन म्हणाली, "काका, न्यायला येताना पण हीच आणा!"

ती आज नर्स आहे. गाडी घेऊन अधूनमधून येते आणि नवीन केमिकल आणलं असलं की आधी बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवते. मी सगळं झाकल्याशिवाय आता पाण्याचा थेंब लावत नाही, आणि तोही फडक्याने. गायकवाड मात्र आजही मला म्हणतात, "वाघमारे, पोरीचं नशीब तू धुतलंस!" यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला अजून कळलेलं नाही.

*

आणि हे गेल्या मे महिन्यातलं.

सकाळी एक जुनी, निळी, छोटी गाडी झटके खात गेटमधून आत आली आणि माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर थांबली. मागे लाल अक्षरात मोठा एल. आतून साठीपुढच्या एक काकू उतरल्या. द्रोणागिरीला राहणाऱ्या. यजमान पोर्टजवळच्या गोदामात हेड क्लार्क होते, वर्षापूर्वी गेले. मुलगा म्हणाला गाडी विकू. काकू म्हणाल्या, मी शिकते.

"इतकी वर्षं या माणसाने मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही," काकू सांगत होत्या. "तुला जमायचं नाही म्हणे. शेजारी बसायचं आणि सरळ समोर बघायचं. आरशात बघितलं तरी ओरडायचे. आता मीच चालवते. बॉनेट मात्र कधी उघडलेलं नाही, आत काय घाण असेल देव जाणे. चांगलं धुऊन द्या. पण जपून."

इंजिन गार होईपर्यंत काकूंना चहा दिला. हिरामणने बॅटरीची तार काढली, सगळं झाकलं, आणि साधं क्लीनर फवारून मऊ ब्रशने हळूहळू काळा थर सोडवायला लागला.

थोड्या वेळाने त्याने हाक मारली. "भाऊ, हितं कायतरी लिवलाय."

फडकं फिरवलं तशी थराखालून पांढरी अक्षरं वर आली. ऑइल पेंटने, बारीक, सरळ रेषेत, हेड क्लार्कच्या अक्षरात. एका टाकीवर, 'काच धुवायचं पाणी इथे.' ऑइल मोजायच्या पट्टीपाशी, 'ऑइल. दर रविवारी बघणे.' बॅटरीवर, 'लाल ते लाल, काळं ते काळं. गडबड करू नये.'

काकू येऊन उभ्या राहिल्या. वाचलं. "हे कोणासाठी लिहिलंय?" त्या म्हणाल्या. "त्यांना तर सगळं पाठ होतं."

हिरामण रेडिएटरच्या झाकणाच्या बाजूची पट्टी पुसायला लागला. तिथली अक्षरं मोठी होती.

'शकू, इथे हात लावू नकोस. भाजेल.'

हिरामण हळूच म्हणाला, "काकू, यो क्लीनर हलका हाय. यानं तेल जाल, अक्षर न्हाय जावाचा. पुसाचा असला तं दुसरा कडक आनतो."

काकूंनी बांगड्या मागे सारल्या, पुढे वाकल्या आणि तळहात त्या झाकणावर ठेवला. पूर्ण. आणि ठेवूनच दिला.

हिरामण घाबरला. "काकू, गार हाय म्हना, पन... काय लिवलाय ते वाचलात ना?"

"वाचलं की!" काकू म्हणाल्या. "म्हणूनच तर लावला."