गुरुवारचं मौन

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा दत्तावर रागच होता. भूकंपात आई, बाप, धाकटी बहीण असं सगळं घर एका पहाटे गेलं. मी तेवढी नांदेडला मावशीकडे होते म्हणून वाचले. पुढे मावशीही गेली. लातूरला क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा मी जीवशास्त्र शिकवायला गेले आणि तिथंच एकटीचे केस पिकले. मावशीनं लावलेलं दत्ताचं गुरुवारचं मौन मात्र सोडलं नव्हतं. घरात बोलायला कोणी नसलं की मौन पाळणं फार सोपं असतं. एवढं करूनही रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा मनात आलं, देवा, तुला दुसरं कुणी सापडलं नाही का?

नेहमीची औषधं थकली. नांदेडच्या एका रुग्णालयात नवा उपचार सुरू झाला होता. माझ्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी काढायच्या, विजेचा बारीक झटका देऊन त्यांचा पडदा क्षणभर सैल करायचा, त्यातून नवं जनुक आत सोडायचं आणि कॅन्सर ओळखायला शिकलेल्या त्या पेशी परत मला द्यायच्या. हे सगळं मी पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. पण त्या पेशी नळीतून माझ्या अंगात शिरत होत्या तेव्हा फळा आठवला नाही, नुसती भीती वाटली.

सोबत एक माणूस हवाच, असा नियम होता. या पेशींमुळे कधी मेंदूला त्रास होतो. आधी बोलणं अडखळतं, आणि ते ताबडतोब कळावं लागतं. माझं कोण होतं? शेजारच्या खोलीत निलंग्याच्या सुमनबाई भावाजवळ बसायच्या. त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं, "म्याडमकडंबी मीच बघते. इकडं काय अन् तिकडं काय." बाई लई बोलायच्या. माझे कान किटायचे.

गुरुवार आला. सकाळची तपासणी उरकून सिस्टर गेल्या आणि मी मौन धरलं. या दिवसांत ते धरू नये एवढी अक्कल मला असायला हवी होती, पण जीव टांगणीला लागलेला असताना नेम मोडायची छाती झाली नाही. सुमनबाईंना खुणेनं सांगितलं. त्या गप्प बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. दुपारी मात्र माझा हात धरून म्हणाल्या, "दत्ताला मी सांगते काय सांगायचं ते. तुमी माझं नाव घ्या बघू एकदा."

त्यांचं मन राखावं म्हणून तोंड उघडलं. आवाज निघाला, नाव निघालं नाही. त्यांनी सिस्टरला हाक मारली, तेवढंच आठवतं.

औषध वेळेवर मिळालं. संध्याकाळपर्यंत राहिलं असतं तर अवघड होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. बरी झाल्यावर मी सुमनबाईंना विचारलं, तुम्हाला कळलं कसं?

"मला काय कळतंय माय," त्या म्हणाल्या. "भाऊ झोपलेला, तुमी गप. मला करमंना झालं. वाटलं, कुणीतरी नाव घेऊन बोलावं."

ते ऐकून मी रडले. याला काय म्हणायचं ते मी ठरवत बसत नाही. आजार सध्या हटलाय, पुढचं दत्तावर सोपवलंय. बोलणं परत आलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं नाव सुमनबाईंचं निघालं. दत्ताचं त्यानंतर. त्याला राग आला नसावा.