टेन्शनची मान

मान एकदा वाकडी झाली की किस्से जमवावे लागत नाहीत, लोक स्टाफरूममध्ये आणून देतात. मी जबलपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. माझी मान आपोआप डावीकडे वळते, आणि त्याचं कारण आमच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून!

*

शेजारच्या टेबलावरच्या वानखडे मॅडम मूळच्या नागपूरच्या. "काहून वो, सारखी खिडकीतूनच पाहून राहिली तू? कोणी येऊन राहिलं का?"

"हो ना, पण लेट आहे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची खिडकीपाशी हलवली.

*

जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या डॉक्टरांनी मान दाबून पाहिली. "मसल्स टाइट हैं. टेन्शन. घर में सब ठीक है न?"

"घर ठीक है, गर्दन ठीक नहीं है!"

त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मान वाकडीच राहिली, फक्त वर्गात पोरांबरोबर मीही पेंगू लागले.

*

मग एक गंमत सापडली. हनुवटीला बोट टेकवलं की मान सरळ! हौसेनं त्याच डॉक्टरांना दाखवलं. ते हसले. "देखा? उँगली से ठीक होता है, मतलब बीमारी नहीं है. सब मन का है."

घरी येऊन मी आधी रडले, मग चिडले. माझं मन हनुवटीत राहतं हे मला ठाऊक नव्हतं!

*

सगळे नको म्हणत असताना हट्टानं न्यूरोलॉजिस्टकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "कहीं हाथ लगाने से सीधी होती है?"

मी हनुवटीला बोट लावलं.

"यही तो इसकी पहचान है."

आजाराचं नाव डिस्टोनिया. मेंदूकडून मानेच्या स्नायूंना चुकीचे हुकूम जातात. मानेत इंजेक्शनं सुरू झाली. आजार खरा निघाला म्हणून पेढे वाटणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, वानखडे मॅडम!

*

प्राचार्य मात्र घाबरले. "मैडम, आप अब लाइब्रेरी देख लीजिए. क्लास, एग्ज़ाम ड्यूटी रहने दीजिए. आप तो एक ही तरफ़ देख पाती हैं."

माझा जीव वर्गात. मी म्हटलं, "इस टेस्ट में ड्यूटी कर लूँ, फिर तय कीजिए."

टेस्टच्या दिवशी हुशार मंडळींनी माझ्या उजवीकडचे बाक आधीच धरले होते. मी हनुवटीला बोट टेकवून एकामागून एक चिठ्ठ्या पकडल्या, सगळ्या उजवीकडच्याच! प्राचार्य धावत आले आणि पहिल्याच पोरावर कडाडले, "मैडम के सामने नकल? हिम्मत कैसे हुई?"

पोरगा रडवेला झाला.

"सर, मैडम तो एक ही तरफ़ देख पाती हैं न!"