चाचांच्या तालमीत खुर्ची नव्हती

"अरे बंद कर ते रडगाणं, मान मोडून घेशील!"

चाचा ओरडले तेव्हा शिवा बाकावर उताणा पडला होता. छातीवर लोखंडी दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना ट्रॅक्टरच्या चाकांएवढी वजनं, आणि उशाशी ठेवलेल्या मोबाइलवर कुणीतरी गायक आपली प्रेयसी सोडून गेल्याचं गळा काढून कळवत होता. चाचांनी झेप घेऊन आधी गाणं बंद केलं आणि मग दांडा उचलला. क्रम लक्षात ठेवा.

"वजनानं माणूस मरत न्हाई, शेठ," ते शिवाला म्हणाले. "गलत गाण्यानं मरतो."

शिवा हा आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानवाल्या अप्पांचा मुलगा. गूळ आणि शेंगदाणे यांवर पोसलेला, कपाळाला भस्म, मनानं अगदी लोणी. आणि चाचा म्हणजे मूळचे बँडवाले. हिमायतनगरपासून मुखेडपर्यंत त्यांच्या क्लॅरनेटशिवाय लागलेलं लग्न लोक धरत नसत, असं ते सांगायचे. मी त्यात एवढीच भर घालीन, की दोन-तीन जोडप्यांनी तेवढ्यासाठी पुन्हा लग्न केलं होतं. पुढं डीजे आला आणि बँड बसला. ज्या लांबट खोलीत ढोल-ताशे ठेवलेले असत तिथं चाचांनी डंबेल्स मांडली आणि नांदेडातली पहिली अशी तालीम काढली जिथं नारळ वाढवायच्या आधी स्पीकर बसवला गेला. बँडचा सोनेरी झालरीचा लाल कोट मात्र त्यांच्या अंगावरून उतरला नाही. मे महिन्यात तारेवर बसलेले कावळे भाजून टपाटप खाली पडायचे, तेव्हाही हा माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून उभा.

उभा म्हणजे उभाच. त्या तालमीत खुर्ची नव्हती. स्टूल होतं, पण ते स्पीकरपर्यंत हात पोचावा म्हणून. मी एकदा विचारलं, "चाचा, एक खुर्ची घ्या की."

"वकील," ते म्हणाले. मी वकील नाही. फार बोलतो म्हणून त्यांनी ठेवलेलं नाव. "नवरदेव मांडवात पोचेपर्यंत बँडवाला बसत न्हाई. चाळीस वर्षांची आदत हाय. आता बसलो तर गुडघे विचारतील, काय झालं?"

त्यांचं खरं वेड निराळंच होतं. कुठलं गाणं अंगात कुठं जातं, हे त्यांना शोधून काढायचं होतं, आणि त्यासाठी आम्ही सगळे फुकटात मिळालेले उंदीर होतो. बैठकांना कव्वाली, कारण "ओळ फिरून फिरून वर येते, तसा माणूस पण वर येतो." दांडा उचलायला हलगी. आणि डीजे फक्त बायकोनं ढकलून पाठवलेल्या गिऱ्हाइकांसाठी. "डीजे छातीत वाजतो, अंगात न्हाई. काही न उचलता पण उचलल्यासारखं वाटतं. घरी खुश होऊन जातात बिचारे."

एकदा विष्णुपुरीच्या कॉलेजातला एक पोरगा पळायच्या पट्ट्यावर चढला आणि चाचांनी जरा बघावं म्हणून हलगी लावली. पोरगा पट्ट्यावरून सुटला तो दारातून बाहेर, रस्ता ओलांडून थेट नदीच्या दिशेनं गेला. त्याची चप्पल अजून आमच्याकडं आहे. दुसऱ्या एका संध्याकाळी रागानं लाल झालेला एक हवालदार आला. त्याला त्यांनी अंगाईगीत लावलं. गडी बाकावरच झोपला, आणि त्याच्या घोरण्यानं रॅकवरची डंबेल्स एकेक करून पुढं सरकू लागली.

असं काही झालं की चाचा डोळे बारीक करून जवळ यायचे आणि एकच विचारायचे, "बोल, कंच्या ओळीला बदललं?" उत्तर मिळाल्याशिवाय सोडायचे नाहीत. आम्ही थापा मारायचो. ते सगळं खरं धरून मान डोलवायचे.

मग एक दिवस स्पीकर सरळ करायला ते त्या स्टुलावर चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी सांगितलं, "आता चाला." चाचा चालेनात. पाय टेकवायचे, दोन्ही हातांनी वॉकर धरायचे आणि पुन्हा बसायचे. ज्या माणसाला आम्ही कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, तो ओट्यावरच्या खुर्चीत दिवसभर बसून राहू लागला. लाल कोट खुंटीला गेला. ते बघून आमच्यातल्या भल्याभल्यांचं वजन उतरलं, जे तालमीत कधी उतरलं नव्हतं.

हैदराबादहून त्यांचा मुलगा आला. भला माणूस, पण हिशेबी. "अब्बा चालणार असतील तर राहू द्या," तो आम्हाला म्हणाला. "नसतील तर एकटे कसे ठेवू? घेऊन जातो, तालमीचं शटर ओढतो."

चाचांनी मान डोलवली, याचीच आम्हाला जास्त धास्ती वाटली.

आम्ही स्पीकर उचलून त्यांच्या ओट्यावर आणला आणि त्यांनी आमच्यावर केलं ते सगळं त्यांच्यावर केलं. हलगी लावली, कव्वाली लावली. शिवानं डोळे मिटून महादेवाचं भजन म्हटलं, तर समोरच्या घरातली म्हातारी उठून पाया पडून गेली. चाचा परीक्षकासारखे ऐकत होते. "हलगी चांगली हाय," ते म्हणाले. "पाय ऐकत न्हाई."

मुलानं जायचा दिवस ठरवला. त्याच्या आदल्या दिवशी शिवाचं लग्न होतं.

वरात निघाली. पुढं डीजेची गाडी अशी, की तिच्या आवाजानं गल्लीतल्या गच्च्यांवरच्या टाक्यांतलं पाणी उकळत होतं. त्यामागं नाचणारे, मग घोडीवर शिवा. चाचांच्या ओट्यासमोर येताच शिवानं लगाम खेचला आणि डीजे बंद करायला लावला.

"चाचा, वाजवा," तो वरूनच म्हणाला. "मी लहान असताना कबूल केलं होतं तुम्ही."

"बसून वाजवू?"

"कसं बी वाजवा. त्याबिगर मी हलत न्हाई."

अप्पा धावत आले. "अरे मुहूर्त टळून राहिला, हाल की रे गाढवा."

"गाढव न्हाई, घोडी हाय," शिवा म्हणाला. "आन ती बी हलत न्हाई."

चाचांनी मुलाकडं पाहिलं. मुलानं आत जाऊन क्लॅरनेट आणली आणि, कुणी सांगितलं नसताना, लाल कोटही आणला. चाचांनी बसल्या बसल्या फुंकर मारली. पहिला सूर बकरी ओरडल्यासारखा निघाला, दुसरा बरा, तिसऱ्याला गल्ली गप्प झाली. घोडी जुनी होती, चाचांच्या मागं शेकडो वराती चाललेली. ती सूर ऐकून निघाली ती सरळ ओट्याकडं, आणि तिनं नाक चाचांच्या खांद्याला लावलं.

चाचा उठले. वाजवता वाजवता ओट्याची पायरी उतरले. घोडी पुढं आली तसे तेही पुढं सरकले. वरातीची चाल ती. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, आणि नाचणाऱ्यांचं समाधान झालं की दुसरं. डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं काय सांगितलं होतं? वॉकर ओट्यावर राहिला. मुलगा एका बाजूनं हात पुढं धरून खेकड्यासारखा तिरपा चालत होता आणि त्या हाताला कुणी हात लावत नव्हतं. अशी वरात कार्यालयापर्यंत गेली. मुहूर्त टळला. भटजींनी... चुकलो, शिवाच्या घरच्या लग्नाला जंगम असतात. तर जंगमस्वामींनी दुसरा मुहूर्त काढून दिला, तोही क्लॅरनेट संपल्यावरचा.

मुलगा दुसऱ्या दिवशी एकटाच हैदराबादला गेला. पुढं चाचा कितीतरी वर्षं तालमीत उभे राहिले, आणि गेले तेही दोन दिवसांच्या साध्या तापानं, फार कुणाला बसवून न ठेवता. शिवाच्या लग्नात मात्र पंगतीला आमचं कडाक्याचं भांडण जुंपलं. चाचांनी वाटेत पाच-सहा चाली वाजवल्या होत्या. कुणी म्हणे, पहिल्या संथ चालीनं पाय सुटला. कुणी म्हणे, छे, त्या चौकातल्या उडत्या चालीनं. मी तर डंबेल्स पैजेला लावली. शेवटी उठलो आणि चाचांकडं गेलो. नवरदेव मांडवात पोचला होता, म्हणून ते खुर्चीत बसून जिलबी खात होते. मी डोळे बारीक केले आणि त्यांचंच विचारलं, "बोला चाचा, कंच्या ओळीला बदललं?"

चाचांनी बोटं चाटली.

"कंच्या बी न्हाई," ते म्हणाले. "मागं नवरदेव होता."