रिकामा कॅच

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोद्याच्या जीपस्टँडवर चहा घेत होतो. तिचा भाऊ म्हणाला, "सकाळी छातीत दुखलं, शहाद्याला पोचेपर्यंत..." सहा आठवडे झाले. मला अजून तिच्यासाठी नीट रडता आलेलं नाही. रडायला बसलो की आधी माझी चूकच समोर येते.

ब्राह्मणपुरीची सुमन आणि मी तळोद्यात दोन खोल्यांत सॉफ्टवेअर लिहायचो. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या आरोग्यसेविकांसाठी आम्ही एक ॲप केलं होतं. कुणाच्या कळा सुरू झाल्या की सेविकेने बटण दाबायचं, जीपवाल्याला निरोप जायचा. निरोप पाठवणारा भाग माझा. नेटवर्क नसलं की प्रोग्रॅम एक्सेप्शन फेकायचा, म्हणजे 'अडलो' म्हणून ओरडायचा. मी ते कॅचमध्ये, म्हणजे अडल्यावर काय करायचं ते लिहायच्या जागेत, पकडलं आणि कॅच रिकामा ठेवला... नंतर बघू म्हणून. पडद्यावर मात्र 'निरोप गेला' असंच यायचं. एका पाड्यावर घरचे त्या दोन शब्दांवर विसंबून दुपारभर जीपची वाट बघत बसले. बाई वाचली. बाळ गेलं.

सुमन एकटीच त्या घरी गेली. माझा पाय उचलेना. ती परतल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"आमची चूक झाली म्हटलं."

"चूक माझी होती."

"ते तू सांग."

मी कधीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं नव्याने लिहायला घेतलं. मी म्हणालो, कॅचमध्ये एक ओळ टाकू, झालं. ती म्हणाली, "चूक फेकानी नही, हातमा देवानी." तिने 'निकाल' नावाचा क्लास, म्हणजे कोडमधला एक साचा, केला. आता प्रोग्रॅमचं कुठलंच काम, कुठलंच फंक्शन एक्सेप्शन फेकत नव्हतं, ते निकाल परत करायचं. त्यात एकतर उत्तर, नाहीतर अडण्याचं कारण. कामं एकामागे एक ओवलेली. मध्ये कुठे अडलं तर पुढची कामं गळायची, कारण मात्र शेवटपर्यंत जसंच्या तसं पोचायचं. आणि तिथे यश-अपयश दोन्हींचं काय करायचं ते लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम तयारच होत नसे. मी कंटाळायचो. ती मान वर करत नसे.

ती गेल्यावर बाराव्या दिवशी मी तिची अपयशाची वाट, म्हणजे निरोप न गेल्यास चालणारा कोड, उघडून वाचली. सेविकेच्या पडद्यावर पावरी बोलीत निरोप होता: जीप निघालेली नाही, वाट बघू नका, तुम्ही निघा. आणि नेटवर्क येताच दुसरा निरोप सुमनच्या स्वतःच्या फोनवर. तो फोन आता कुणीच बघत नसणार. तसाच ब्राह्मणपुरीला धावलो. तिच्या आईने फोन चार्जिंगला लावून ठेवला होता. "भाऊ, हाऊ वाजी ऱ्हायना," म्हातारी म्हणाली, "बंद करानं मन व्हत नही मन्हं."

एक निरोप चार दिवसांपूर्वीचा होता. त्या सेविकेला फोन लावला. ती म्हणाली, "ताई उचलत नव्हत्या. पण जीप नाही हे कळलं होतं, म्हणून बाईला झोळीत घालून लगेच खाली दवाखान्यात नेलं. बाई-बाळ दोघं बरी आहेत."

आता तो फोन माझ्या टेबलावर असतो. त्यातून कळलं, बाळ गेलेल्या त्या घरी सुमन दर रविवारी फोन करायची. मला ती एका शब्दाने बोलली नव्हती. काल रविवार होता. मी त्याच फोनवरून तो नंबर लावला.

"सुमनताई?" त्या बाईने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. 'चूक माझी होती' हे पुढचं वाक्य कितीदा तरी घोकलं होतं, ते तोंडातून निघेना. ती "हॅलो... हॅलो..." करत राहिली. मी फोन ठेवला नाही, एवढंच.