वकिलाच्या घरी कोण कोण असतं

अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहायला आल्यापासून भारतातून कुणीही आलं की मी त्यांना शेजारच्या गावातलं एका जुन्या वकिलाचं घर दाखवायला न्यायचो. वकील दोनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या वेषात एक म्हातारे गृहस्थ दारात उभे असायचे. डोक्यावरचा पांढऱ्या केसांचा टोप सरळ करायचे, मनगटावरचं घड्याळ बाहीत ढकलायचे आणि सुरुवात करायचे, "मी शेतकऱ्याचा मुलगा. शेतीतून वेळ काढून कायदा शिकलो." मग एका गुलामाला सोडवण्यासाठी लढलेला खटला, विधिमंडळातली भाषणं आणि त्या खटल्यापायी हरलेली निवडणूक. सगळं 'मी' म्हणूनच. कुणी फिरकी घेतली तरी ते वकिलाची भूमिका सोडत नसत. मला सगळं पाठ झालं होतं.

२००५ साली आई आली. मी मराठीत सांगत गेलो ते सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "एवढं बोलले, पण घरी कोण कोण असतं ते सांगितलंच नाही. विचार ना."

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेलं की ती हेच विचारते. मी ओशाळून विचारलं.

त्यांचा हात टोपाकडे गेला. टोप सरळच होता.

"आता कुणी नाही. बायको गेल्या हिवाळ्यात गेली."

मी आईला सांगितलं. ती चुकचुकली.

"अगं, नाटक असतं ते," बाहेर पडताना मी म्हणालो आणि दाराजवळची पाटी पहिल्यांदाच नीट वाचली. वकील आधी गेला होता. त्याची बायको त्याच्यामागे बरीच वर्षं जगली.

गाडीत बसताना आई म्हणाली, "जेवणाचं काय करत असतील रे?"